एक्स-रे, सीटी की एमआरआय: कोणते मशीन शिकावे?

बारावी विज्ञानच्या एका विद्यार्थिनीने लिहिले आहे की, सायनसच्या जुन्या दुखण्यासाठी तिच्या वडिलांचा आधी एक्स-रे, मग सीटी स्कॅन आणि शेवटी एमआरआय झाला. यांत सर्वांत चांगले मशीन कोणते ते कळले, तर रेडिओग्राफीला जाऊन तेच शिकायचा तिचा विचार आहे.

महागडे ते चांगले, हा समज आधी सोडावा. गालाच्या सायनसमध्ये, म्हणजे गालाच्या हाडातील हवेच्या पोकळीत, पू साठला असेल, तर हनुवटी वर करून, उभ्याने किंवा बसवून काढलेल्या एक्स-रेत त्याची आडवी पातळी दिसते. त्याच रुग्णाला झोपवून फोटो काढला की द्रव पसरतो, पातळी नाहीशी होते आणि फोटो स्वच्छ येऊनही निदान हुकते. नाकाच्या मुळाशी असलेले बारीक कप्पे मात्र एक्स-रेत एकमेकांवर पडतात. ते कप्पे, सायनसचा निचरा होण्याची अरुंद वाट आणि डोळ्याच्या खोबणीलगतचे पातळ हाड सीटीत नीट दिसते, म्हणून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपूर्वी सर्जन सीटीच मागतात. (चार दिवसांच्या साध्या सायनसच्या त्रासाला बहुधा यांपैकी काहीच लागत नाही.) गाठ कोठे संपते आणि तिच्यामागे तुंबलेला स्राव कोठे सुरू होतो, किंवा संसर्ग डोळ्याकडे, मेंदूकडे सरकला आहे का, हे एमआरआय अधिक चांगले सांगते, २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्या संसर्गाच्या रुग्णांत त्याची गरज वारंवार भासली. पण बुरशीचा घट्ट स्राव एमआरआयच्या काही प्रतिमांत हवेसारखा काळा दिसतो, आणि भरलेला सायनस रिकामा वाटू शकतो. तेथे पुन्हा सीटीच कामी येते.

तेव्हा एकाच मशीनवर करिअर बेतू नये. तुम्हाला प्रतिमा वाचून निदान करायचे असेल, तर ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा, एमबीबीएस आणि त्यानंतर रेडिओलॉजीतील एमडी असा लांबचा रस्ता आहे. रुग्णाला नेमके बसवणे, किरणांची मात्रा बेताची ठेवणे आणि एमआरआयच्या खोलीत जाण्यापूर्वी त्याच्या अंगात पेसमेकर किंवा धातू नाही ना हे विचारणे, यात रस असेल, तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (पॅरामेडिकल तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम) किंवा रेडिओग्राफीतील बीएस्सी पाहावी. प्रवेशापूर्वी त्या महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना एवढेच विचारा: सायनसचा एक्स-रे तुम्ही स्वतः रुग्णाला बसवून काढता, की मशीन चालवण्याच्या कन्सोलमागे उभे राहून नुसते पाहता?