चांदणीची नोट

गेल्या वर्षी डिसेंबर संपता संपता एक आई मुलाला घेऊन समुपदेशनासाठी माझ्याकडे नाशिकच्या गंगापूर रोडला आली. "मॅडम, हा रात्ररात्र लॅपटॉपपुढे बसतो आणि सकाळी विचारलं तर म्हणतो, काहीच झालं नाही." मुलगा खिडकीतून खाली लावलेल्या गाड्या बघत होता. त्याला तन्मय म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

तन्मय ग्राफिक डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला. जूनपासून नोकरी हवी होती आणि अजून एकही अर्ज गेला नव्हता. "पोर्टफोलिओ तयार नाही अजून," एवढंच तो बोलायचा. पोर्टफोलिओ म्हणजे नोकरी मागताना दाखवायच्या स्वतःच्या कामांचा संच. दर हिवाळ्यात हे वाक्य तीन-चार मुलांकडून तरी ऐकते, म्हणून लिहायला घेतलं. घरच्यांना हा आळस वाटतो. पण आळशी पोरगा रात्री तीनला दोन अक्षरांमधलं अंतर मोजत बसत नाही.

दुसऱ्या भेटीत मी लॅपटॉप उघडायला लावला. मुखपृष्ठाचे तेवीस नमुने. आत एक मनानं रचलेलं कॉफीचं दुकान, तसंच एक अत्तर, तशीच एक विमान कंपनी. सगळं देखणं. मला डिझाइनमधलं कळत नाही, तरी दोन गोष्टी दिसल्या. सिडकोत वाढलेल्या या मुलाच्या कामात देवनागरीचं एक अक्षर नव्हतं. आणि यातल्या एकाही गिऱ्हाइकाला "नको" म्हणायला तोंड नव्हतं.

इथे मी चुकले. त्याला आठवड्याचं वेळापत्रक करायला सांगितलं. पुढच्या भेटीत तो ते घेऊन आला: ए-थ्री कागदावर, तीन रंगांत, स्वतः काढलेल्या चिन्हांसकट. त्यात चार रात्री गेल्या होत्या. आम्ही दोघंही हसलो, पण माझं हसणं ओशाळं होतं. ज्याला निर्दोषपणाचं वेड आहे त्याच्या हातात मीच आणखी एक निर्दोष करायची वस्तू दिली होती.

मग आईचं पहिल्या दिवशीचं एक बोलणं आठवलं. तन्मयचे आजोबा नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले. हा छापखाना १९२८ पासूनचा. नाशिकरोडला "प्रेसमध्ये आहे" म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. आजोबा आजही घरी आलेली लग्नपत्रिका भिंग घेऊन वाचतात. छापलेल्या कागदात चूक नसते, हे तन्मयने त्यांच्या मांडीवर बसून ऐकलेलं.

निफाडला त्याच्या मामाची द्राक्षबाग आहे. हंगामात मामा रस्त्याकडेला दोन-दोन किलोच्या पेट्या विकतात, पेटीवर स्टिकर नव्हता. मी म्हटलं, "गुरुवारपर्यंत अडीचशे स्टिकर छापून आण. चांगले नकोत, छापलेले हवेत." त्याला हे अजिबात पटलं नाही. तरी केलं.

गुरुवारी तो आला नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. त्यानंतर आला तेव्हा खिशातून एक स्टिकर काढून टेबलावर उलटा ठेवला. मी पालटला. लॅपटॉपवर लखलखणारा पोपटी रंग कागदावर शेवाळी उतरला होता. पडद्यावरचा रंग उजेडाचा आणि छापाचा चार शायांचा, हे वर्गात शिकलेला होता, पण शाई कधी अंगावर आली नव्हती. त्याहून वाईट म्हणजे 'निफाड'मधली ऱ्हस्व वेलांटी उडी मारून 'फ'वर जाऊन बसली होती. फाइल प्रेसच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडली, तिथे मराठी जुळणी फुटली, आणि अक्षरांचे 'कर्व्ह', म्हणजे चित्रासारखे पक्के आकार, करून न्यायचे असतात हे याला ठाऊक नव्हतं. प्रेसवाल्या काकांनी प्रूफ दाखवलं होतं. याने रंग बघितला, फाँट बघितला. वाचलं मात्र नाही.

"मामा काय म्हणाले?"

"म्हणाले, भाच्या, वेलांटीचं राहू दे, मोबाइल नंबर एवढा बारीक कशाला? गिऱ्हाईक चष्मा घेऊन फिरतं का?"

"आणि आजोबा?"

तो जरा थांबला. आजोबांनी स्टिकर भिंगाखाली धरला, काही बोलले नाहीत. आत जाऊन कपाटातून दहा रुपयांची एक नोट घेऊन आले. नंबरमध्ये पहिल्या अक्षरांनंतर एक चांदणी होती. आरबीआयने २००६ मध्ये ही पद्धत सुरू केली. शंभर नोटांच्या गड्डीत एखादी नोट छपाईत बिघडलेली निघाली, तर तिच्या जागी चांदणीची नोट घालतात. नोट पूर्णपणे खरी. २०२३ मध्ये लोकांना ती खोटी वाटायला लागली, तेव्हा रिझर्व्ह बँकेला तसा खुलासाही करावा लागला होता. आजोबा म्हणाले, "बिघडत नसतं, तर ही कशाला छापली असती?"

गेल्या दोन महिन्यांत मी जे सांगायची धडपड करत होते ते एका दहाच्या नोटेनं करून टाकलं. थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

त्यानंतरच्या भेटी सोप्या गेल्या. मध्यरात्री परदेशी डिझायनरांची कामं बघणं त्याने अर्ध्यावर आणलं. ती कामं बहुतेकदा अख्ख्या टीमची असतात, हा एकटा त्यांच्याशी झुंजत होता. "एआय आल्यावर आम्हाला कोण विचारणार?" हा प्रश्न त्याने मलाही विचारला. बाजाराचं भाकीत माझ्याकडे नाही, तसं सांगितलं. एवढं म्हटलं की मामांचा मोबाइल नंबर मोठा हवा, हे मामांपुढे उभं राहूनच कळलं.

एक मात्र तपासून बघावं लागतं. झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं असेल, किंवा जगण्यातच राम नाही असं मूल बोलत असेल, तर तो पोर्टफोलिओचा प्रश्न नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर मोफत आहे. तन्मयच्या बाबतीत तशी वेळ नव्हती.

एप्रिलमध्ये त्याने पाच ठिकाणी अर्ज केले. पोर्टफोलिओत सात कामं, मुखपृष्ठावर नुसतं नाव. कॉफीचं दुकान राहिलं, विमान कंपनी गेली. स्टिकरसाठी दोन पानं: डावीकडे चुकलेला, उजवीकडे दुसऱ्यांदा छापलेला, मोठ्या नंबरचा. दोन ठिकाणांहून उत्तरच आलं नाही, एका ठिकाणी नाही म्हणाले. अंबडला पेट्या आणि लेबलं छापणाऱ्या एका ठिकाणी मुलाखत झाली. तिथल्या बाईंनी बाकीची पानं भराभर उलटली आणि स्टिकरपाशी थांबल्या.

"ही वेलांटी कुणी पकडली?"

"आजोबांनी. मामांनी पण पाहिली होती, पण त्यांना नंबरची काळजी जास्त होती."

"आणि तू?"

"मी वाचलंच नव्हतं."

सध्या तिथे सहा महिन्यांसाठी शिकाऊ आहे. पगार बेताचा. वडिलांची कुरकुर चालू आहे. प्रूफ पुढ्यात आलं की पहिलं काम त्याच्याकडे, मोठ्यानं वाचायचं.