हक्क 'बजावायचा' की 'वापरायचा'?

खानापूरच्या एका बाईंनी विचारलंय. शाळेत मतदार जागृतीचा फलक करायचाय, त्यावर त्यांनी 'मतदानाचा हक्क बजावा' लिहिलं, तर सोबतचे सर म्हणाले बजावतात ते कर्तव्य, हक्क वापरतात. बरोबर कोण?

बाई, तुमचंच बरोबर, फलक बिनधास्त रंगवा. फक्त खाली 'मतदान द्या' तेवढं लिहू नका. आमच्या बेळगावच्या शहापुरात रिक्षाच्या भोंग्यावरनं सकाळपासनं 'आपलं बहुमोल मतदान द्या' चाललेलं असतंय, अरे दानात देणं आलंच की, मत द्या म्हण! आणि 'मतदान टाकून आलो' म्हणणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

तर बजावणे. काही शुद्धीवाले छातीठोक सांगतात की हे हिंदीतलं 'बजाना', म्हणजे वाजवणं. साफ चूक. मग बेलीफ नोटीस बजावतो तेव्हा काय डफ वाजवत येतो काय? आणि अंमलबजावणी कुठल्या बँडवाल्याची? शब्द फारसीतला आहे ओ. 'जा' म्हणजे जागा, 'बजा' म्हणजे जागेवर, 'बजा आवुर्दन' म्हणजे जागेवर आणणं, पार पाडणं. उर्दूत अजून 'हुक्म बजा लाना' म्हणतात. आणि ह्याच्या उलट आपला 'बेजा', बेजा वागला, बेजा फायदा घेतला, म्हणजे जागा सोडून! बजा आणि बेजा सख्खे भाऊ, हे कळलं त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही इतका आनंद झालेला.

आता माझं म्हणणं ऐका, कोशात मिळणार नाही. हक्क यादीत नुसता पडून असतो, तो उचलून बूथवर, म्हणजे त्याच्या जागेवर, नेला की बजावला. म्हणून खिशात मतदान कार्ड आहे पण यादीत नाव नाही, तर बजावणार काय? कार्ड दाखवून मत देता येत नाही, यादीत नाव लागतं, नसेल तर नमुना ६, म्हणजे यादीत नाव घालायचा अर्ज, आधीच भरायला हवा. हेही फलकावर लिहा की. आणि सरांना विचारा, १९९६ च्या लोकसभेला बेळगावात ४५६ उमेदवार उभे होते, एवढ्या नावांतनं आपला माणूस हुडकून शिक्का मारायचा, त्याला 'वापरणं' म्हणायचं? वापरतात छत्री.

कन्नड पेपरवाले 'हक्कु चलायिसिदरु' लिहितात, म्हणजे ते हक्क चालवतात. आमचा भाचा कन्नड शाळेत 'हक्कु'चं 'हक्की' वाचून आला, हक्की म्हणजे पाखरू, तर घरी येऊन सांगतोय की मामा, अठरा वर्षं झाली की सरकार पाखरू देतंय.

हां, 'बजावा'तल्या ब च्या पोटातली रेघ ठळक काढा, नाहीतर लांबून 'वजावा' दिसेल, आणि यादीतनं नावं वजा व्हायला तेवढंच निमित्त पुरतंय.