बधिरांध तरुणावरची 'द साइन फॉर होम' ही कादंबरी कशी आहे? फार रडवी आहे का?

रडवी अजिबात नाही. बऱ्याच ठिकाणी मिश्कील आहे, आणि काही प्रसंग तर चांगलेच चावट. 'बिच्चारा अपंग' छापाच्या गोष्टींचा कंटाळा आला असेल तर बिनधास्त वाचा.

ब्लेअर फेल यांची ही कादंबरी २०२२ची. नायक आर्लो डिली, विशीतला, न्यूयॉर्क राज्यात राहणारा. त्याचे पालक ब्रदर बर्च हे जेहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाचे, भयंकर कडक. आर्लो कॉलेजात लेखनाचा वर्ग लावतो, त्यासाठी सिरिल नावाचा नवा दुभाषी येतो आणि घरात ठिणगी पडते. शाळेतल्या एका मुलीवरचं जुनं प्रेम आहेच.

मला मात्र प्रेमकथेपेक्षा दुभाष्याचं काम जास्त धरून ठेवतं. दुभाष्याच्या हातांवर हात ठेवून आर्लो खुणा वाचतो. सर काय म्हणाले हे तर झालंच, पण वर्गात कोण हसलं, कोणाच्या कपाळाला आठ्या पडल्या, हेसुद्धा कोणीतरी त्याच्या हातात द्यावं लागतं. नाही दिलं तर त्याच्यापुरतं ते घडलंच नाही. त्याच्यापासून एखादी गोष्ट लपवायला दार बंद करावं लागत नाही, हात थांबले की काम झालं. आता सांगा, अशा माणसाने प्रेम करायचं तरी कोणाच्या परवानगीने? फेल स्वतः अनेक वर्षं सांकेतिक भाषेचे दुभाषी आहेत, त्यामुळे हे बारकावे ऐकीव वाटत नाहीत.

आर्लोची प्रकरणं 'तू' असं संबोधून लिहिली आहेत. पहिली काही पानं अडखळायला होतं, मग सवय होते. त्याचं लिहिलेलं इंग्रजी मोडकंतोडकं, कारण त्याची पहिली भाषा खुणांची आणि तिचं व्याकरणच वेगळं. डोक्यातले विचार मात्र धारदार. लोक त्याला मठ्ठ समजतात ते याच इंग्रजीवरून.

एक तक्रार आहे. सिरिलचं स्वतःचं रडगाणं फार जागा खातं. शिवाय लेखक ऐकणारा-बघणारा, म्हणजे आर्लो आपल्याला भेटतो तो शेवटी दुभाष्याच्या खुर्चीतूनच. म्हणून जोडीला जॉन ली क्लार्क या बधिरांध कवीचे 'टच द फ्यूचर' (२०२३) हे निबंध घ्या. प्रोटॅक्टाइल या स्पर्शाच्या भाषेबद्दल त्यात भरपूर आहे. तिच्यात समोरचा बोलत असताना त्याच्या मांडीवर थापटून 'हं, पुढे?' म्हणता येतं, आणि हसू आलं की बोटांनी गुदगुल्या केल्यासारखं करून तेही पोचवता येतं. आधी कादंबरी वाचा, निबंध नंतर. उलट केलंत तर सिरिल आणखी डोक्यात जाईल.