शाळेचा निधी कमी झाला की आधी प्रात्यक्षिकंच का बंद होतात? आणि वर्गात दहा-पंधरा मुलं वाढली तर खरंच काही बिघडतं का?

मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय. तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग मला रोज दिसतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

शाळेच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा पगारांचा. कायम शिक्षकाला सहजासहजी काढता येत नाही, वीजबिल थांबवता येत नाही. मग कात्री चालते ती रसायनं, लाकूड, रंग, वाद्यांची दुरुस्ती यांवर. पण सामान हा त्यातला छोटा भाग. खरं महाग काय, तर बॅच. इतिहासाला एक शिक्षक आणि अख्खा वर्ग असं भागतं. प्रयोगाला किंवा करवतीच्या कामाला वर्गाचे दोन भाग करावे लागतात, म्हणजे तोच तास शिक्षकाला दोनदा घ्यावा लागतो. वेळापत्रक आखणाऱ्याला हे लगेच खुपतं.

आणि विषय बंद केला असं कुणी उघडपणे म्हणत नाही. गणिताचे सर निवृत्त झाले तर त्यांचे तास दुसरं कुणीतरी घेतं, कारण गणित शिकवणारे आणखी दोघं असतात. सुतारकामाचे सर मात्र शाळेत एकटेच. ते गेले, जागा भरली नाही, की विषय आपोआप संपला. दोन वर्षांनी त्या खोलीत जुने बाक रचलेले असतात.

आता मुलांच्या संख्येचं. माझ्याकडे आधी वर्गात 28 मुलं होती, 14-14 च्या दोन बॅच. दोघादोघांच्या सात जोड्या, जोडून आलेले दोन तास, म्हणजे 80 मिनिटं. मांडामांड आणि धुणं-पुसणं वगळून प्रत्येक जोडीला माझी दहा मिनिटं मिळायची. आता 46 मुलं एकाच वेळी आणि तास एकच, 40 मिनिटांचा. मांडामांड आणि धुणं-पुसणं यात दहा मिनिटं जातात. उरलेल्या तीसमध्ये बारा गट. करा हिशेब, गटाला अडीच मिनिटं.

त्या अडीच मिनिटांत काय हुकतं ते सांगतो. आम्ल-अल्कलीचं टायट्रेशन घ्या, म्हणजे आम्लात थेंबथेंब अल्कली सोडून ते नेमकं किती लागतं हे रंग बदलण्यावरून ओळखायचं. डाव्या हातानं ब्युरेटची, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या उभ्या काचनळीची तोटी, उजव्या हातानं फ्लास्क फिरवत राहायचं. थेंब पडतो तिथे गुलाबी ठिपका उमटतो आणि विरून जातो. मग विरायला वेळ लागू लागतो. इथे हात आवरायचा असतो. शेवटी एक थेंब असा पडतो की अगदी फिकट गुलाबी रंग टिकून राहतो. पहिल्यांदा करणारं जवळपास प्रत्येक मूल तोटी जास्त सोडतं आणि फ्लास्क राणी रंगाचा करून बसतं. दुसऱ्या वेळी चुकतं, तिसऱ्या वेळी जमतं. चौघांच्या गटात मात्र एकजण तोटी धरतो, एकजण लिहितो, एकजण बघतो आणि चौथा खिडकीबाहेर. तिसरी वेळ कुणाच्याच वाट्याला येत नाही. शेवटी मी हार मानतो आणि माझ्याच टेबलावर करून दाखवतो.

नुसतं फळ्यावर शिकवायचं असेल, तर तीसची छत्तीस मुलं झाली म्हणून फार आकाश कोसळत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगेन. लहान मुलांची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 1985 पासून चार वर्षं बालवाडी ते तिसरीच्या मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वेगवेगळ्या वर्गांत वाटलं होतं: काही वर्ग 13 ते 17 मुलांचे, काही 22 ते 25 चे. वाचन आणि गणितात कमी मुलांचे वर्ग पुढे राहिले, गरीब घरच्या मुलांना फायदा जास्त झाला. मोठ्या वर्गांपैकी काहींत मदतनीस दिला होता, त्यानं फारसा फरक पडला नाही. मदतनीस देतो म्हणून समजूत घालणाऱ्या व्यवस्थापनानं हे जरूर वाचावं.

पण नुसता आकडा खाली आणूनही भागत नाही. कॅलिफोर्नियानं 1996 मध्ये बालवाडी ते तिसरीचे वर्ग घाईघाईनं वीसच्या आसपास आणले. शिक्षक पुरेनात, म्हणून पूर्ण पात्रता नसलेले घेतले. खोल्या पुरेनात, तेव्हा अनेक शाळांनी ग्रंथालयं, संगीताच्या आणि संगणकाच्या खोल्या वर्गांना देऊन टाकल्या. म्हणजे इथेही हातानं करायच्या विषयांवर गदा आलीच.

तेव्हा तुमच्या मुलाच्या शाळेत गेलात तर वर्गात किती मुलं एवढंच विचारू नका. प्रॅक्टिकलला बॅच किती, जोडतास आहे का, लॅब असिस्टंट आहे का, हे विचारा. आणि जमलं तर तीन-चार जर्नल शेजारी शेजारी ठेवून बघा. सगळ्यांनी टायट्रेशनची तीनही रीडिंग, म्हणजे ब्युरेटमधून किती मिलिलिटर गेलं ते, 9.8, 9.8, 9.8 लिहिली असतील, तर तो आकडा फळ्यावरून उतरवलेला आहे. माझ्या वर्गातल्या 46 जर्नलांत सध्या हेच आहे, आणि खाली सही माझीच आहे.