धक्क्यानंतरचे पाणी

पेठ-दिंडोरीकडे जमीन जराशी हादरली, की पाण्याविषयीचे तेच ते प्रश्न माझ्याकडे येऊ लागतात, म्हणून या वेळी त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : मोठा भूकंप झाला, तर गोदावरी पात्र बदलेल का? (पंचवटी)

उत्तर : नाशिकपाशी तिचे पात्र काळ्या पाषाणात कोरलेले आहे, ती चिंता सोडावी.

प्रश्न : जमीन उचलली जाऊन नदी अडते, ही दंतकथा आहे का? (सिन्नर)

उत्तर : नाही. १८१९ च्या भूकंपात कच्छच्या रणात लांबच लांब उंचवटा उभा राहिला, सिंधूचा एक फाटा अडला आणि सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. या उंचवट्याला लोकांनी ‘अल्लाबंद’ म्हटले; १८२६ च्या पुरात नदीने तो फोडला.

प्रश्न : मुलगी अरुणाचलात नोकरीला आहे. भूकंपानंतर नदी ओसरली, तर पुराचा धोका टळला, असे तिचे सहकारी सांगतात. (इंदिरानगर)

उत्तर : ही ऐकीव माहिती जीवघेणी आहे. भूकंपानंतर नदी एकाएकी आटते, तेव्हा वर कोठेतरी दरड कोसळून पात्र अडल्याची शंका आधी घ्यावी, कारण मागे तुंबलेले पाणी त्या भुसभुशीत दगडमातीच्या माथ्यावरून वाहू लागले, की बांध झपाट्याने कापला जातो. १५ ऑगस्ट १९५० च्या आसाम भूकंपात सुबनसिरी अशीच अडली आणि काही दिवसांनी बांध फुटून, धक्क्यातून वाचलेली खालची गावे लोंढ्यात सापडली. शिवाय डोंगरांवरून सुटलेला गाळ ब्रह्मपुत्रेत उतरून दिब्रुगडजवळ तिचा तळच वर आला. अशा नदीला पूर यायला पूर्वीइतके पाणी लागत नाही. सगळेच बांध फुटतात असे नाही, ताजिकिस्तानात १९११ साली तयार झालेला सारेझ तलाव आजही उभा आहे. मात्र कोणता बांध टिकेल, हे पाहणीवाचून कोणीही सांगू नये. मासे वेचायला कोरड्या पात्रात उतरणे तर दूरच, मुलीने तत्काळ उंचावर जावे, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला कळवावे आणि त्यांच्या सांगण्याशिवाय खाली येऊ नये.

प्रश्न : धक्क्यानंतर बोअरचे पाणी खाली गेले. ‘झरे सरकले, आणखी दोनशे फूट घ्या,’ असे बोअरवाला म्हणतो. (दिंडोरी)

उत्तर : त्याचा धंदा फुटांवर चालतो. आपल्या खडकात पाणी भेगांमध्ये असते. हादऱ्याने त्या मोकळ्या होतात किंवा गाळाने बुजतात, आणि पातळी पुष्कळदा आपोआप सावरते. शेजारचा उपसा वाढला आहे का, तेही पाहावे. पंधरा दिवस रोज ठरावीक वेळी पातळी मोजून लिहून ठेवावी आणि ती नोंद घेऊन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात जावे. तोवर गढूळ पाणी तपासल्याखेरीज पिऊ नये, आणि बोअरवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नये.