गाड्यावर खाताना काय पाहावं?

प्रश्न: परगावी, परदेशी गेल्यावर रस्त्यावरच्या गाड्यांवर खायला फार आवडतं, पण पोट बिघडण्याची धास्ती वाटते. गाडा कसा निवडावा?

उत्तर: गर्दी पाहाच, पण त्याआधी विस्तव पाहा. पदार्थ डोळ्यांसमोर शिजून वाफाळता हातात पडला, तर धोका बराच कमी. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये राहिलं की जंतू झपाट्यानं वाढतात. दोन तासांहून जास्त कोमट पडलेलं नकोच. मोठ्या हॉटेलातल्या बुफेलाही हाच नियम लावा. ‘गरम करून देतो’ यावर विसंबू नका. शिळ्या भातात वाढणाऱ्या बॅसिलस सिरियस या जंतूचं एक विष पुन्हा उकळूनही जात नाही.

मग हात बघा. पैसे घेणारा आणि वाढणारा वेगळा असेल तर उत्तम. कच्चं मांस आणि शिजलेलं एकाच चिमट्यानं उचलत असतील, तर सरळ पुढे चला.

बहुतेकांची फसगत होते ती मात्र सोबतच्या गोष्टींत: उघड्यावरचा पातळ सॉस, आधीच चिरलेली फळं, बर्फ. गोठल्यानं जंतू मरतातच असं नाही. फळ अख्खं घ्या, हात धुऊन स्वतः सोला.