मला एकट्याला विचारू नकोस

अगं,

रात्री साडेअकराला आलेला तुझा मेसेज वाचला. बाल्कनी सामासिक अंतरात (इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत) किती येऊ द्यायची यावर आर्किटेक्ट एक म्हणतो, साहेब दुसरंच म्हणतात. आणि शेवटी नेहमीची ओळ: “सर, मी विचारलं म्हणून कुणाला सांगू नका.”

उत्तर मला माहीत आहे. देणार नाही.

नगरपरिषदेत बांधकाम परवानगीच्या टेबलावर तू एकटीच आहेस, मान्य. पण पूर्वी प्रत्येक गावाची नियमावली वेगळी असायची. डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि मोजके अपवाद सोडले तर राज्यभर यूडीसीपीआर ही बांधकामाची नियमावली एकच. गडहिंग्लजला जे कलम अडतं तेच वणीलाही अडतं. मग तुझं उत्तर माझ्या फोनमध्ये का पडून राहावं? चारचौघांत विचार. ग्रुपवर तुझ्यासारखेच टेबल सांभाळणारे लोक आहेत, त्यांनाही हेच अडलेलं असतं आणि तेही तुझ्यासारखेच गप्प असतात.

मात्र “बाल्कनीचं काय करायचं?” असं विचारशील तर मीच ओरडेन. कलम क्रमांक लिही, प्लॉटची मापं दे, तू काय अर्थ लावलास तो सांग आणि मग विचार. कुणी “आमच्याकडे असंच चालतं” म्हणालं तर त्यालाही कलम माग. आणि ग्रुपवरचं उत्तर टिपणीत चिकटवायचं नसतं. फाइलला कलम लागतं, नाहीतर नगरविकास विभागाचं स्पष्टीकरण.

नियमात नसलेलंही चारचौघांत विचारलं तरच कळतं. राहत्या इमारतीत पायरीची उंची 19 सेंमीच्या आत हवी, हे पुस्तकात आहे. नकाशात सगळ्या पायऱ्या सारख्याच असतात. पण साइटवर मजल्याची फरशी खालच्या सिमेंटच्या मसाल्यासकट जाड बसते आणि पायरीवरची पातळ, त्यामुळे पहिली पायरी बुटकी होते आणि शेवटची उंच. पाय अडखळतो तो तिथेच. भोगवट्याच्या (इमारत वापरायला देण्याआधीच्या) तपासणीला मधली पायरी मोजून परत येऊ नकोस, पहिली आणि शेवटची मोज. हे मला एका मिस्त्रीने सांगितलं.

आमच्या वेळी कलमांचे अर्थ साहेबांच्या ड्रॉवरमध्ये असायचे; साहेब निवृत्त झाले की ड्रॉवर रिकामा. मी बैठकीत उठून विचारायचो. ‘वादग्रस्त’ असा शिक्का बसला, बढती लांबली. आजही म्हणतो, माझं बरोबरच होतं. (घरात यावर मतभेद आहेत.)

नियमही कायमचे नसतात. 1993 साली किल्लारी हादरलं तेव्हा भूकंपाच्या नकाशात ते सर्वांत कमी धोक्याच्या विभाग 1 मध्ये होतं. 2002 च्या सुधारणेत तो विभागच काढून टाकला. असे नकाशे आणि मानकं ठरवणारं भारतीय मानक ब्यूरो मसुदे हरकतींसाठी खुले करतं, पण हरकत घ्यायला आपल्या टेबलावरचं कुणी तयार नसतं, कारण सगळे प्रश्न खाजगीत मिटवलेले. म्हणून पुन्हा सांगतो, चारचौघांत विचार.

भीती वाटते ना, हसतील म्हणून? एखादा हसेल. तो बहुधा नियमावली न उघडणाराच असतो.

उद्या ती बाल्कनी ग्रुपवर टाक. सेक्शनचा (इमारतीच्या उभ्या छेदाच्या नकाशाचा) फोटो सरळ काढ, मागचा तिरका होता. मालकाचं नाव आणि गट नंबर झाकायला विसरू नकोस. मी तिथे असेन, पण संध्याकाळपर्यंत एक अक्षर लिहिणार नाही. आधी बाकीच्यांना बोलू दे.